तलवारबाजी शिकायची आहे? नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या हॉलच्या दारात नवे चेहरे दिसायला लागतात. सर आत शिकवत असतात, त्यामुळे आलेल्यांशी बोलायचं काम माझ्याकडे. मी काही खेळाडू नव्हे. लेकीला सोडायला यायचो आणि दीड तास पायरीवर बसून मोबाईल बघायचो. एक दिवस सर म्हणाले, "बसून काय करताय? बूट घातलेच आहेत, उभे राहा." तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो. खालचे बहुतेक प्रश्न मीही कधीतरी विचारलेले आहेत. उत्तरं सरांकडून मिळाली, पंचांकडून मिळाली आणि बरीचशी मार खाऊन मिळाली.

हे आपल्या दांडपट्ट्यासारखंच ना?

नाही. दांडपट्ट्याला महाराष्ट्राने २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला, कोल्हापूरकडे मर्दानी खेळाचे आखाडे अजून चालू आहेत, त्यामुळे 'तलवारबाजी' म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं. पण पट्टा फिरतो. चारही बाजूंनी शत्रू आहे असं धरून ते शस्त्र चालवतात. आम्ही खेळतो ती युरोपात घडलेली तलवारबाजी. ती एका सरळ रेषेत चालते. १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टी असते, तिला पिस्ट म्हणतात. समोर एकच माणूस. बाजूला पळायला जागा नाही, एक तर पुढे नाही तर मागे. १८९६ च्या अथेन्सपासून आजवर एकही आधुनिक ऑलिंपिक या खेळावाचून झालेलं नाही.

लाठीकाठी किंवा पट्टा केलेली मुलं आली की सर खूश होतात, कारण त्यांचं मनगट मोकळं असतं आणि पायांत चपळाई असते. अडचण एकच, वार करण्याआधी हात मागे न्यायची सवय. इथे हात मागे गेला की छाती उघडी पडते आणि समोरचा तेवढ्यात टोक टेकवून मोकळा होतो.

वय किती असावं?

मुलांना आम्ही साधारण आठ-नऊ वर्षांपासून घेतो. त्याआधी मूल खेळतं, पण सूचना ऐकायचा धीर नसतो, आणि या खेळात 'हॉल्ट' म्हटलं की थांबायचं म्हणजे थांबायचंच. मोठ्यांना वरची मर्यादा नाही. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत पन्नाशी, साठी आणि सत्तरीपुढच्यांचे वेगवेगळे गट असतात. सत्तरीतला माणूस तिथे पायाने फार पळत नाही, डोक्याने तुम्हाला पळवतो.

मी पहिली बाउट, म्हणजे लढत, आठवीतल्या एका मुलाशी खेळलो. ०-५. पाचही टच, म्हणजे गुण, त्याने एकाच पद्धतीने मारले आणि पाचही वेळा मला नवीनच वाटले.

लागतं का? खरं सांगा.

लागतं. टोक दंडावर किंवा मांडीवर बसलं की जोरात चिमटा काढल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा निळा डाग दिसतो. सेबर या प्रकारच्या तलवारीचा फटका मास्कवर बसला तर दुखत नाही, पण कानात घंटा वाजते. खऱ्या दुखापती असतात घोट्याच्या, गुडघ्याच्या आणि मांडीच्या स्नायूच्या, म्हणजे कबड्डी-बॅडमिंटनमध्ये होतात त्याच.

तलवारीला धार नसते, टोक बोथट असतं. धोका असतो तो पातं मोडलं तर. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचं मोडलेलं पातं आत गेलं आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पात्यांचं पोलाद, कपड्यांचं कापड आणि मास्कची जाळी या तिन्हींचे नियम कडक झाले. आज वरच्या दर्जाच्या स्पर्धेतलं जॅकेट ८०० न्यूटनचं आणि मास्कची गळपट्टी १६०० न्यूटनची लागते (म्हणजे तेवढा जोर कापडाने न फाटता सोसायचा). सरावासाठी ३५० न्यूटनचं जॅकेट चालतं. जॅकेटच्या आत तलवारीच्या हाताच्या बाजूला अर्ध्या बाहीचं आणखी एक अस्तर घालतात, त्याला प्लॅस्ट्रॉन म्हणतात, कारण पातं शिरलंच तर काखेत शिरतं. उकडतं म्हणून प्लॅस्ट्रॉन टाळणारी मुलं दर मे महिन्यात सापडतात. सर त्यांना सरळ बाकावर बसवतात.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो: मास्क न घातलेल्या माणसाकडे टोक रोखायचं नाही, गमतीतही नाही.

फॉईल, इपी, सेबर. यातलं काय घ्यावं?

दारात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि याचं उत्तर बहुतेकदा 'तुमच्या गावात जे शिकवतात ते' असं असतं. तरी फरक कळलेला बरा.

फॉईल हलकी, ५०० ग्रॅमच्या आतली. फक्त टोकाने मारायची आणि फक्त धडावर. हातापायावर लागलं तर तलवारीला वायरने जोडलेल्या यंत्रावर पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो, गुण कोणालाच नाही. आधी कोणी हल्ला केला याला इथे महत्त्व आहे. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तिथेच निम्मे लोक गोंधळतात.

इपी जड, ७७० ग्रॅमपर्यंत. हीसुद्धा टोकानेच मारायची, पण डोक्यापासून बुटाच्या टोकापर्यंत कुठेही. आधी हल्ला कोणी केला हा हिशोब नाही. ज्याचं टोक आधी दाबलं गेलं त्याचा गुण. दोघांची टोकं सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दाबली गेली तर दोघांनाही गुण. टोकात स्प्रिंग असते आणि तिने ७५० ग्रॅमचं वजन उचलून धरलं पाहिजे. बाउटच्या आधी पंच ते वजन टोकावर उभं करून बघतात. दिवा लागला तर तलवार बाद, बदला.

सेबर हे घोडेस्वारांच्या तलवारीचं वंशज. टोकाने मारा, पात्याच्या कडेने मारा, दोन्ही चालतं. लक्ष्य कमरेच्या वर, त्यात डोकं आणि हातही आले. सगळ्यात वेगवान खेळ. पंचांनी 'आले' (म्हणजे सुरू) म्हटल्यावर एकेक टच दोन सेकंदांत संपतो. बघायला आलेले आजोबा-आजी विचारतात, "सुरू कधी होणार?" तोवर ३-२ झालेलं असतं.

माझं मत विचाराल तर लहान मुलांनी फॉईलपासून सुरुवात करावी. लक्ष्य लहान असल्याने हात नेमका होतो आणि आधी बचाव, मग उलट वार ही शिस्त लागते. तिशी-चाळिशीत येणाऱ्यांना मी इपी सुचवतो. तिचे नियम पहिल्या दिवशी कळतात आणि थांबून, वाट बघून खेळणाऱ्याला तिथे मान आहे. चिडक्या माणसाला सेबर आवडतं असं आमच्याकडे म्हणतात, पण आमच्या हॉलमधला सगळ्यात शांत मुलगा सेबर खेळतो, त्यामुळे यावर फार विश्वास ठेवू नका.

दोन्ही दिवे लागले, मग गुण एकालाच का?

फॉईल आणि सेबरमध्ये हे होतं, आणि पालक गॅलरीतून पंचांवर ओरडतात ते इथेच. कबड्डीत चढाई एका वेळी एकाचीच असते ना, तसं समजा. इथे चढाई कोणाची ते शिट्टीने ठरत नाही, ज्याने आधी हात लांबवून टोक लक्ष्याकडे रोखलं त्याची ठरते. त्याचा हल्ला चालू असताना तुम्ही मध्येच टोक पुढे केलंत आणि दोघांनाही लागलं, तर गुण त्याचा. तुम्हाला गुण हवा असेल तर आधी त्याचं पातं अडवा किंवा मागे सरकून त्याचा वार हवेत जाऊ द्या. मग चढाई तुमची. अडवण्याला पॅरी म्हणतात, अडवून केलेल्या वाराला रिपोस्ट. दोघांनी अगदी एकदमच हल्ला केला असं पंचांना दिसलं तर गुण कोणालाच नाही, पुन्हा ऑन गार्ड, म्हणजे तयार पवित्र्यात.

हे वाचून कळत नाही, माहीत आहे. दोन शनिवार पंचांच्या मागे उभे राहा. ते प्रत्येक टचनंतर हातवारे करून काय घडलं ते सांगतात: हल्ला इकडून, पॅरी, रिपोस्ट, टच. सुरुवातीला ते जे सांगतात ते तुम्हाला दिसलेलंच नसतं. तिसऱ्या आठवड्यात एखादवेळी पंचांचा हात वर जायच्या आधी तुमच्या तोंडून "पॅरी" निघतं. त्या दिवशी घरी जाताना एक वडापाव जास्त खावा.

पहिल्या महिन्यात काय शिकवतात? तलवार कधी हातात देतात?

मुलं सगळ्यात जास्त हिरमुसतात ती इथे. पहिले दोन-तीन आठवडे पाय, फक्त पाय.

उभं कसं राहायचं ते आधी. पुढचा पाय समोर, मागचा त्याला काटकोनात, टाचा एका रेषेत, दोन्ही गुडघे वाकलेले, जणू पाटावर बसता बसता कोणी हाक मारली आणि मध्येच थांबलात. याला ऑन गार्ड म्हणतात. आता तसंच पुढे चाला: पुढचा पाय आधी, मागचा नंतर, डोकं वरखाली न होता. मग मागे. मग पुन्हा पुढे. आमच्या हॉलमध्ये शहाबादी फरशीवर चिकटपट्टी लावून पिस्ट आखलेली आहे. नव्या मुलाला त्या पट्टीवरून न ढळता वीस वेळा जाऊन यायचं असतं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना काही होत नाही, उतरताना मात्र देव आठवतो.

मग लंज, म्हणजे हात लांबवून पुढच्या पायाने झेप. सरांची युक्ती अशी: पुढच्या बुटाखाली रुपयाचं नाणं ठेवायचं. झेप नीट घेतली की नाणं फरशीवरून सरळ पुढे सरपटत भिंतीला लागतं. पाय आधी वर उचलून मग खाली आपटला तर नाणं तिथेच. माझं नाणं पहिले दहा दिवस जागचं हललं नव्हतं. माझ्या लेकीचं तिसऱ्या झेपेला भिंतीवर टणकन वाजलं आणि तिने वळून माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही.

"हात आधी, पाय मग" हे वाक्य तुम्ही सरांकडून हजारदा ऐकाल. त्यात दोन कारणं दडलेली आहेत. एक, हात आधी लांबला तरच पंच तुमचा हल्ला मानतात. दोन, पाय आधी गेला तर तुम्ही समोरच्याच्या टप्प्यात पोचता आणि तुमचं टोक मात्र अजून घरीच असतं.

तलवार साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात देतो. तेव्हा लक्षात येतं की ती पोरांना वाटते तशी मुठीत आवळून धरायची नसते. अंगठा आणि तर्जनी धरतात, बाकीची बोटं साथ देतात. पहिल्या दिवशी सगळे जण आवळतात आणि पाच मिनिटांत मनगट भरून येतं.

साहित्य काय काय लागतं आणि कधी घ्यावं?

पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका. मास्क, जॅकेट, तलवार बहुतेक वर्गांत सरावापुरती मिळते. मूल टिकतंय असं दिसलं की आधी हातमोजा घ्या, कारण दुसऱ्याचा घामट हातमोजा घालणं हा या खेळातला सगळ्यात वाईट अनुभव आहे. मोजा एकच लागतो, तलवारीच्या हाताचा. मग मास्क. मग जॅकेट, प्लॅस्ट्रॉन, अर्धी विजार. बिजलीवर चालणारी तलवार, ती यंत्राला जोडणारी बॉडी वायर आणि फॉईल-सेबरवाल्यांचं धातूच्या धाग्याचं लॅमे जॅकेट सगळ्यात शेवटी, स्पर्धा खेळायची वेळ आली की. भारतीय बनावटीचं सामान परदेशी सामानापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि शिकणाऱ्याला पुरतं.

माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. लेक नऊ वर्षांची असताना वाढदिवसाला गुपचूप ऑनलाइन फॉईल मागवली. आली ती पाच नंबरची, म्हणजे मोठ्यांची, ९० सेंटिमीटर पात्याची. लहानांना शून्य किंवा दोन नंबरचं पातं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यात मूठ होती पिस्तुलासारखी बोटांचे खाचे असलेली, आणि ती उजव्या हाताची. लेक डावखुरी. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. ती फॉईल आता मी वापरतो.

डावखुरं असणं चांगलं की वाईट?

चांगलं. समोरचे बहुतेक सगळे उजव्यांशी खेळून तयार झालेले असतात, डावखुरा आला की त्यांची अंतरं आणि कोन चुकतात. डावखुऱ्याला मात्र उजव्यांची सवय असतेच. दोन डावखुरे समोरासमोर आले की दोघंही गोंधळतात, ते बघायला मजा येते.

उंची कमी आहे, चालेल?

चालेल. इपीत लांब हाताचा फायदा दिसतो, हे खरं. पण बुटक्या खेळाडूला उंचाच्या टप्प्यात शिरून पुन्हा बाहेर पडायला शिकवतात, आणि एकदा ते जमलं की उंच खेळाडूचे लांब हात जवळच्या अंतरात अडगळ होतात.

चष्मा आहे.

मास्कच्या आत बसतो. मागून दोरी बांधा. पावसाळ्यात धुकं धरतं, त्याला इलाज नाही.

मुलींसाठी वेगळं काही?

खेळ तोच, नियम तेच, तीनही हत्यारं. साहित्यात छातीचं टणक संरक्षक कवच मुलींना सक्तीचं आहे. आमच्या वर्गात मुली आणि मुलगे एकत्र सराव करतात, स्पर्धेत गट वेगळे होतात. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची फॉईल १९२४ पासून आहे, इपी १९९६ ला आली आणि सेबरला २००४ साल उजाडावं लागलं. त्याच २००४ मध्ये चेन्नईतल्या एका शाळेत भवानी देवीने हा खेळ सुरू केला. बिजलीच्या तलवारी महाग म्हणून सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी. पुढे ती केरळात तलश्शेरीच्या 'साई' (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात गेली, टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज झाली, तिथे पहिली लढत १५-३ अशी जिंकली आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सेबरचं कांस्य आणलं. आमच्याकडच्या मुलींना तिचं नाव सांगावं लागत नाही. त्यांच्या काकांना सांगावं लागतं.

पहिली स्पर्धा कधी खेळावी आणि तिथे काय होतं?

सहा महिन्यांनी, हरायची तयारी ठेवून. आधी पूल असतात: सहा-सात जणांचा गट, प्रत्येकाची प्रत्येकाशी बाउट, पाच टच किंवा तीन मिनिटं. पूलमधल्या जयांवर क्रमवारी लागते आणि जय सारखे असतील तर मारलेले वजा खाल्लेले टच बघतात. म्हणून ०-४ ने मागे असताना हात खाली टाकू नका. ४-५ ने हरणं आणि ०-५ ने हरणं यामुळे पुढे कोणाशी गाठ पडते ते बदलतं. मग बाद फेरी, १५ टचची.

पंचांचे शब्द फ्रेंच असतात: आँ गार्द, प्रे, आले. म्हणजे तयार उभे राहा, तयार आहात का, सुरू. एवढ्यावर भागतं, फ्रेंचचा क्लास लावायची गरज नाही. सुरुवातीला समोरच्याला आणि पंचांना तलवारीने सलामी द्यायची. संपल्यावर मास्क काढायचा, पुन्हा सलामी आणि मग मोकळ्या हाताने हात मिळवायचा. हरल्यावर मास्कआड रडणारी मुलं असतात. मास्क काढण्याआधी त्यांना दोन क्षण मिळतात, ते आम्ही मिळू देतो.

ग्रेस मार्क, नोकरी वगैरे?

शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, खेलो इंडियात आहे, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्तरावरची कोणती कामगिरी धरतात याचे नियम बदलत राहतात, ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचं मूल बहुतेकदा दिवाळीनंतर दिसत नाही, एवढंच मी पाहिलेलं आहे.

घरी काय सराव करावा?

जुन्या मोज्यात चेंडू घाला, दोरीने दाराच्या चौकटीला छातीच्या उंचीवर टांगा आणि हात लांबवून टोक टेकवा. काठी किंवा लाटणंही चालेल. चेंडू झुलत असताना जमायला लागलं की लंज घेऊन करा. आरशासमोर ऑन गार्डमध्ये उभे राहून गुडघा आत वळतोय का ते बघा. तो बुटाच्या टोकाच्या दिशेनेच असला पाहिजे, गुडघेदुखीचं मूळ बहुतेकदा तिथे सापडतं. भावंडांशी झाडूने लढाई हा सराव नाही, ट्यूबलाइट फुटण्याची तयारी आहे.

पावसाळ्यात तलवार गंजते, काय करू?

ओल्या जॅकेटबरोबर एकाच पिशवीत कोंबली की एका रात्रीत तांबूस होते. घरी गेल्यावर पातं कोरड्या फडक्याने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा, टोकाला मात्र तेल लावू नका, आतली जोडणी बिघडते. गंज आलाच तर बारीक पॉलिशपेपरने काढा. गंजलेल्या पात्याने लॅमे जॅकेटही डागाळतं. आणि पात्यावर कुठे बारीक चीर किंवा तीक्ष्ण वाक दिसला तर ते सरांना दाखवा, स्वतः सरळ करत बसू नका.

पालकांनी सराव बघायला बसावं का?

बसा, पण "मार ना, मार!" म्हणून ओरडू नका. सर वर्षभर मुलाला मागे सरकायला शिकवतात आणि बाबा एका रविवारी ते पुसून टाकतात. गप्प बसवत नसेल तर बूट घालून या, पायरीवर एक जागा माझ्यामुळे रिकामी झालेलीच आहे.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

सपाट तळव्याचे आतल्या मैदानाचे बूट, गुडघ्याखाली येणारी ट्रॅक पँट, पाण्याची मोठी बाटली आणि एक कोरडा टी-शर्ट. केस लांब असतील तर मानेपाशी घट्ट बांधा, मास्कच्या पट्ट्यात अडकतात. कानातलं, घड्याळ घरी ठेवा. नखं कापून या.